चौथा प्रश्न

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात दर फेरीला चार प्रश्न ठरलेले असतात. खोकला आहे का? ताप येतो का? वजन घटलंय का? रात्री घाम येतो का? क्षयरोग वेळेत सापडावा म्हणून ते विचारायलाच हवेत. ४७ वर्षांची एक बाई चौथ्या प्रश्नाला हो म्हणाली. उशी भिजते, पंख्याखाली झोपूनही अंगातून वाफा निघतात. थुंकी तपासली, एक्स-रे काढला, काही निघालं नाही. "टीबी नाही ताई, काळजी करू नका," असं सांगून पुढच्या गोळ्या हातात दिल्या. शेवटची पाळी कधी आली होती, हे कोणी विचारलं नाही. तीही बोलली नाही. आजारानेच पुन्हा उचल खाल्ली, असं समजून ती घरी गेली.

यात त्या केंद्रातल्या काउन्सेलरचा दोष थोडा. बाहेर रांग उभी असते. दोष आहे तो बाईकडे बघण्याच्या रीतीचा. केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणींना एचआयव्हीची लागण कळली ती पोटुशी असताना. त्यांचं रक्त तपासलं ते बाळ वाचावं म्हणून. बाळं वाचली, ही मोठीच कमाई आहे. पण बाई एचआयव्ही कार्यक्रमाच्या नजरेत आली ती गर्भाशयामुळे, आणि पाळी गेली की त्या नजरेतून उतरते. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणसुद्धा १५ ते ४९ वयाच्याच बायकांशी बोलतं.

१ एप्रिल २००४ रोजी देशातल्या ८ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली, मुंबईचं जे. जे. त्यात होतं. तेव्हा पंचविशीत असलेली बाई पोराला शाळेत घालेपर्यंत जगेल का, हाच घोर होता. ती जगली. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, त्या वयाला ती पोचली, आणि तिथे तिच्यासाठी कुणी काही मांडूनच ठेवलेलं नाही.

केंद्रात 'संबंध' हा शब्द येतो तो धोका म्हणूनच. संबंध येतात का, निरोध वापरता का, संपलं. दुखतं का, हे विचारत नाहीत. विधवा असेल तर पहिला प्रश्नही गिळला जातो, जणू नवऱ्याबरोबर तिचं शरीरही गेलं. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं, योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, जळजळते, चिरते. त्यात कोरडा निरोध म्हणजे शिक्षाच. नवरा म्हणतो, आता दिवस जायची भीती नाही, मग हे कशाला? कुणी शेजारीण खोबरेल तेल सुचवते. तेलाने निरोधाचं रबर कमजोर होऊन तो फाटतो, हे शेजारणीला ठाऊक नसतं. पाण्यात मिसळणारं वंगण मिळतं, डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. पण त्यासाठी आधी तक्रार तोंडातून बाहेर पडावी लागते. बहुतेकजणी "आता वय झालं" म्हणून अंथरूण वेगळं करतात.

मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. औषध नियमित घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की संबंधातून लागण होत नाही. याचा पाया रचणाऱ्या एचपीटीएन ०५२ या अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती. पहिले निष्कर्ष २०११ साली आले. तरी वर्षानुवर्षं व्हायरल लोड दबलेली बाई स्वतःला विषासारखी जपत राहते. तिला हे सांगताना आपली जीभ अडते, कारण सांगितलं तर तिला इच्छा असू शकते, हेही मान्य करावं लागतं.

हाडांचं तर कुणाच्या मनातही येत नाही. पाळी गेल्यावर हाडं झिजतातच; रोजच्या गोळीतलं टेनोफोविर त्यात भर घालतं. त्याच गोळीतलं डोल्युटेग्राविर उपाशीपोटी कॅल्शियमबरोबर घेतलं तर अंगात नीट शोषलं जात नाही. दोन्ही जेवणाबरोबर घ्यावीत, नाहीतर कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर एआरटीची गोळी घ्यावी.

त्या बाईचे गुडघे दुखू लागले तेव्हा मेडिकलवाल्याने तिला कॅल्शियमची पट्टी दिली. ती दोन्ही गोळ्या एकदमच घेते, सकाळी चहाच्या आधी. म्हणजे एकही विसरत नाही.