उपवास आणि भाकरी
तुळजापुरास आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते आणि धाराशिव जिल्ह्यांत पुष्कळ जण नऊ दिवस उपवास धरतात. एकादश्या निराळ्याच: वर्षांत २४, अधिक मास आला कीं २६. या दिवशीं ज्वारी वर्ज्य. आतां बालाघाटाच्या पठारावर ज्वारी हेंच रोजचें अन्न. ती शेतांत पिकते, कणगींत असते. तिच्या जागीं येतो साबुदाणा, तामिळनाडूंतील सेलमकडे तयार झालेला, रोख पैशानें घ्यावयाचा. त्याचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. बटाटा व शेंगदाणा हेही तिकडचेच. जुन्या स्मृतिकारांना यांचीं नांवें ठाऊक असणें शक्य नव्हतें. तरी फराळाच्या नांवाखालीं हे पवित्र ठरले आणि भाकरी तेवढी बाद झाली!

सुखवस्तु घरीं यानें जेवणांत पालट होतो, इतकेंच. मजुरीवर जगणाऱ्या बाईला मात्र घरचें टाकून बाजारचें आणावें लागतें, नाहीं तर पाण्यावर दिवस काढून शेतांत राबावें लागतें. श्रद्धेचा हिशेब पैशांत करूं नये, असें कोणी म्हणेल. मान्य, पण व्रताचा प्राण त्याग हा असेल, तर कोणी काय सोडलें हें विचारावेंच लागेल. एकादशीस तिनें अर्धी भाकरी दारच्या भुकेल्याला देऊन उरलेली अर्धी खाल्ली, तर तिचा उपवास मोडला असें कोणत्या तोंडानें म्हणावें?