मान कोणाचा, ऋण कोणाचे?

कीर्तनास नेमाने येणाऱ्या एका शिकल्यासवरल्या तरुणाने आम्हांस विचारले, "महाराज, गाणाऱ्यांत थोर कोण, हे मते मोजून ठरवता येते काय?" प्रश्नाचे मूळ दूरदेशी होते. अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचे शहर आहे. तेथे ईरी सरोवराच्या काठी 'रॉक अँड रोल' ह्या लोकप्रिय गाण्यातील थोरांचे एक कीर्तिमंदिर आहे. संस्था निघाली १९८३ साली, पहिली निवड झाली १९८६ साली, आणि इमारत खुली झाली १९९५ साली. गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका निघून पंचवीस वर्षे लोटली म्हणजे तो विचारास पात्र होतो. मग हजारावर जाणकार मते देतात. निवड जाहीर झाली की दरसाल वाद पेटतो. अमका आत गेला तो का, आणि तमका बाहेर राहिला तो का?

कोणी म्हणेल, वारकऱ्याला ही उठाठेव कशाला? पण अहो, गावच्या सप्ताहात यंदा मान कोणाला, ह्यावरून दोन तट पडतात की नाही? प्रश्न एकच आहे; गाव तेवढे वेगळे.

येथे पूर्वपक्ष असा उठतो. कीर्तीची हाव हा मोठा बंध. प्रतिष्ठेला तर शास्त्रकारांनी विष्ठेची उपमा दिली. मग तिची मंदिरे बांधावी कशाला? पूर्वपक्ष वजनदार आहे खरा, पण तो घेणाऱ्याला लागू पडतो, देणाऱ्याला नव्हे. मान नको म्हणणे हा साधकाचा धर्म. त्याला नको आहे म्हणून आपण देऊ नये, हा मात्र सभेचा धर्म नव्हे. त्याच कीर्तिमंदिराची गोष्ट घ्या. २०२२ साली डॉली पार्टन ह्या वयोवृद्ध गायिकेचे नाव निवडीसाठी पुढे आले, तेव्हा तिने कळविले की, एवढा मान आपण कमावलेला नाही, नाव मागे घ्यावे. संस्थेने नाव गाळले नाही. पुढे तिनेही ते स्वीकारले आणि त्याच वर्षी तिची निवड झाली. नको म्हणण्यात तिची शोभा राहिली, न गाळण्यात सभेची.

आता मुख्य प्रश्न. निवडावे कोणत्या मापाने? कोणी खपाचे माप सांगतो, कोणी गर्दीचे, कोणी गळ्याच्या तयारीचे. आमच्याकडे हा विचार फार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकाचे गुण सांगितले, दोष सांगितले, उत्तम-मध्यम-अधम अशा पायऱ्याही लावल्या. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गुणदोषांची प्रतवारी लावताना तो कोणा गायकाला नाव घेऊन उत्तम किंवा अधम ठरवीत नाही. नावांची मालिका येते ती ग्रंथारंभी, आणि ती पूर्वाचार्यांची. भरत, कश्यप, मतंग, कोहल इत्यादिकांचे मत मंथून आपण हे सार काढले, असे तो सांगतो. म्हणजे तोलायचे ते गुण, आणि नाव घ्यायचे ते ज्याचे घेतले त्याचे.

आमच्या मते माप ते हेच. 'सर्वांत मोठा कोण' असे विचारू नये. 'आपण कोणाचे देणे लागतो' असे विचारावे. शास्त्राने ऋषिऋण सांगितले ते ह्याच अर्थाने. ज्याने दिले, त्याचे नाव घेणे ही फेड आहे, बक्षीस नव्हे. बक्षीस देणारा वर बसतो. ऋण फेडणारा वाकतो.

ह्या मापाने पाहिले तर त्या कीर्तिमंदिराची चूक लगेच डोळ्यांत भरते. सिस्टर रोझेटा थार्प म्हणून एक काळी स्त्री १९१५ साली आर्कान्सा राज्यात जन्मली. आई धर्मप्रचारक, तिच्याबरोबर ही लहानपणापासून गिटार घेऊन देवाची गाणी म्हणे. पुढे १९३८ साली तिने तीच गाणी नाचगाण्याच्या बैठकींत नेली, तेव्हा तिच्याच पंथाचे कित्येक लोक रुसले. पण विजेच्या गिटारीवरील तिच्या वादनातून पुढच्या पिढीने धडे घेतले. १९४७ साली मेकन गावी तिने एका चौदा वर्षांच्या पोराला आपल्या मंचावर गायला लावले. तोच पुढे लिटल रिचर्ड म्हणून गाजला. पोराची निवड १९८६ साली, पहिल्याच वर्षी झाली. ज्या बाईने त्याला मंच दिला, ती १९७३ साली वारली आणि तिची निवड झाली २०१८ साली! मधे बत्तीस वर्षे गेली.

साथीदारांचेही तसेच. एल्व्हिस प्रेस्ली १९८६ साली आत गेला. त्याच्या पहिल्या गाण्यांत गिटार वाजविणारा स्कॉटी मूर २००० साली गेला, कारण साथ करणाऱ्यांसाठी जागाच त्या वर्षी निघाली.

पण थांबा. परदेशाला हसण्याआधी आपले अंगण पाहू. चोखोबांचे अभंग आम्ही पंढरीच्या देवळात गात राहिलो, आणि चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर. त्यांच्या ज्ञातिबांधवांना आत पाऊल टाकता यावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. महिपतीबोवांनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला, त्यात चोखोबांचे चरित्र आहे. पोथीत जागा होती, दारात नव्हती. नाव घेतले म्हणजे ऋण फिटले, असे नव्हे; ज्याचे गाणे घेतले त्याला जवळही घ्यावे लागते.

कोणी म्हणेल, ऋणाच्या मापाने यादी कधी संपायचीच नाही. खरे आहे, ती संपू नये. विसरलेल्या धनकोचे नाव जो वाद वर काढतो, तो वाद चांगला. एकाला चढविण्यासाठी दुसऱ्याला पाडतो, ती निंदा. एवढा भेद राखला म्हणजे खुशाल वाद करावा.

आणि मानाची जागा कोणती, हे नामदेवरायांनी दाखवून ठेवले आहे. परंपरा सांगते की, त्यांनी समाधीसाठी महाद्वाराची पायरी मागितली; संतांचे पाय लागावेत एवढाच हेतू. तुडवली जाणारी ती जागा आज लाखो माथे टेकून घेते.

तेव्हा सप्ताहाच्या मंडळींना आमची एक विनंती. काल्याच्या दिवशी कीर्तनकाराच्या गळ्यात हार पडतो, आणि मृदंगवाला, चाल म्हणणारे, टाळकरी मागे उभे असतात. यंदा पहिला नारळ मृदंगवाल्याच्या हाती द्यावा, आणि ज्याने त्याला पहिला बोल शिकविला त्याचे नाव सभेत मोठ्याने घ्यावे. कीर्तनकार तोवर थांबेल. त्याने थांबावेच.

रामकृष्ण हरि.