आजचं चिंतन: हे शेत कुणाचं?



आज गीतेचा तेरावा अध्याय. सुरुवातीलाच भगवंत अर्जुनाला सांगतात, या शरीराला 'क्षेत्र' म्हणतात. क्षेत्र म्हणजे शेत. आणि आपण? स्वतःला त्याचे मालक समजतो!

२०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'ओबेलिस्क' जगासमोर आणले. साधारण हजार अक्षरांचे, गोलाकार आरएनए, व्हायरसहूनही साधे. त्यांतला एक प्रकार आपल्या तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस सँग्विनिस या जिवाणूत राहतो. गंमत म्हणजे, आधीच जमा असलेल्या माहितीतच ते सापडले. होते तिथेच; बघणारी नजर नव्हती.

गीतेत हे आधीच लिहिलं होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. मला एवढंच वाटतं, ज्या मुखाने आपण नाम घेतो, तिथे कोण राहतं हेही आपल्याला ठाऊक नव्हतं. मग 'माझं शरीर, माझं रूप, माझी ताकद' हा तोरा कशाच्या जोरावर?

याच अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. त्यांतलं पहिलं आहे अमानित्व, म्हणजे मोठेपणाचा हव्यास नसणं.

आज एवढंच करूया. 'माझं' हा शब्द ओठांवर आला की क्षणभर थांबायचं आणि एकदा नाम घ्यायचं.

जय हरी!