मृत्युंजयाचे वरदान आणि कुटुंबाचे आरोग्य

॥ ॐ नमः शिवाय ॥

दक्षिणेकडे वाहत जाणारी वैनगंगा गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, मार्कंडा येथे, वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. उत्तरवाहिनी नदीचे तीर परमपवित्र मानले गेले आहे. याच तीरावर मार्कंडेश्वराचे प्राचीन देवालय उभे असून महाशिवरात्रीच्या पर्वकाळी येथे मोठी यात्रा भरते. मार्कंडेय ऋषींनी येथेच तपश्चर्या केली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दर्शनाला येणारा प्रत्येक जण देवापाशी जे मागतो, त्यात एक मागणे सर्वांचे सारखेच असते, आणि ते म्हणजे घरातील लेकराबाळांना आरोग्य व दीर्घायुष्य लाभावे. या मागण्याचा खरा अर्थ मार्कंडेयाच्या कथेतच सामावलेला आहे.

मृकंडू ऋषी व त्यांची पत्नी मरुद्वती यांना अपत्य नव्हते. त्यांनी शंकराची आराधना केली. दीर्घायुषी पण मतिमंद पुत्र हवा, की अल्पायुषी पण गुणवान, असे देवाने विचारले. त्यांनी गुणवान पुत्र मागितला व त्यास सोळाच वर्षांचे आयुष्य मिळाले. सोळावे वर्ष भरत आले तेव्हा बालकाने शिवलिंगाला घट्ट मिठी मारली. यमाने टाकलेला पाश बालकासह लिंगावरही पडला. तेव्हा भगवान शंकर प्रकट झाले, त्यांनी काळाला मागे सारले आणि मार्कंडेय चिरंजीव झाला.

आयुष्याची दोरी विधात्याने आधीच मोजलेली आहे, मग पथ्य कशासाठी आणि औषध कशासाठी, असे पुष्कळदा बोलले जाते. मार्कंडेयाची कथा या समजुतीला सरळ उत्तर देते. त्याचे आयुष्य तर देवानेच सांगून ठेवले होते. तरीही तो ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून स्वस्थ बसला नाही. पाश पडला त्या क्षणीही त्याने मिठी सोडली नाही. वरदान मिळाले ते मिठी न सोडणाऱ्याला.

मृत्युंजय मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात आला आहे. त्यात अमरत्वासाठी हट्ट नाही. पिकलेली काकडी वेलीच्या देठापासून जशी सहज सुटते, तशी मृत्यूपासून सुटका व्हावी, अशी ती प्रार्थना आहे. पिकलेले फळ गळते त्याचा शोक आवरता येतो. कोवळे फळ तुटते तेव्हा वेलच रडते. याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. संस्थेने राज्यातील बालमृत्यूंवर जो अहवाल सिद्ध केला, त्याचे नाव ‘कोवळी पानगळ’ असे आहे. शिशिराच्या आधीच पाने गळावीत, तशी लेकरे जात होती.

आरंभी ‘सर्च’ने अभ्यासासाठी घेतलेल्या ३९ गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी ६२ बालके महिनाभराची होण्याआधीच दगावत होती. इस्पितळ दूर, मध्ये जंगल, पावसाळ्यात नाले भरलेले. तेव्हा त्याच गावांतील स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ करण्यात आले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करीत, अंगाची ऊब पाहत, जंतुदोषाची लक्षणे ओळखीत व औषध देत. तिसऱ्या वर्षी हे मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये हे कार्य जगापुढे आले आणि २०११ पासून आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याची योजना भारतभर सुरू झाली. ज्या भूमीत मार्कंडेयाची कथा सांगितली जाते, त्याच भूमीतील गावच्या लेकीसुनांनी काळाचा पाश मागे सारून दाखविला.

ज्या घरातील पाळणा पूर्वी रिकामा झाला असेल, त्या माउलीने तो आपल्या पापाचा दोष मानू नये. इतरांनीही तिला तसा बोल लावू नये. मृकंडूंच्या पुत्राचे अल्पायुष्य हे त्यांच्या पापाचे फळ नव्हते. पुढच्या लेकरासाठी मिठी घट्ट करणे, एवढेच कुटुंबाच्या हाती असते आणि ते थोडे नाही.

ही मिठी म्हणजे काय, ते प्रत्येक घराने जाणून घ्यावे. बाळ जन्मताच त्याला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी धरावे व वरून दोघांना पांघरावे. पहिला दिवस आंघोळ घालू नये, कारण थंडी हा नवजात बालकाचा पहिला शत्रू होय. पहिल्या तासाभरात आईचे दूध पाजावे. आरंभीचे घट्ट, पिवळसर दूध पिळून टाकण्याची रीत सोडून द्यावी. ते बाळाचे पहिले कवच आहे. मध, घुटी, साखरपाणी देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध पुरे असते. नाळेवर राख, हळद, तेल असे काहीही लावू नये.

शिवभक्ताच्या हाती जपमाळ असते. याच जिल्ह्यात मण्यांचा आणखी एक उपयोग घडला. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुइणींना बाळाचे श्वास मोजता यावेत, म्हणून ‘सर्च’ने मिनिटभराचे वाळूचे घड्याळ व मणी असे साधन तयार केले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, इतके ते सोपे होते. बाळ शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पाहून मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० वा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० वा अधिक, आणि पाच वर्षांच्या आतील मुलाचे ४० वा अधिक श्वास भरत असतील, तर तो न्यूमोनिया असू शकतो. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले असेल, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा. अशा वेळी श्वास मोजणारी आजी जपच करीत असते.

वनप्रदेशातील दुसरा पाश हिवतापाचा. त्याचा एक प्रकार मेंदूपर्यंत पोहोचतो व थोड्याच दिवसांत प्राण घेतो. ताप आला की देवाचा अंगारा लावावा, पुजाऱ्याचा आशीर्वाद घ्यावा. परंतु त्याच दिवशी आशाताईंकडून वा आरोग्य केंद्रातून रक्ताची तपासणीही करून घ्यावी. श्रद्धा आणि औषध यांत वैर नाही. शोधग्रामातील रुग्णालयाला आदिवासी बांधवांच्या आराध्य माता दंतेश्वरीचेच नाव आहे. औषध सुरू केल्यावर ताप उतरला तरी ते अर्धवट सोडू नये. औषधी द्रव्यात भिजविलेली मच्छरदाणी घरात मिळाली असेल, तर तिचा उपयोग मासे धरण्यासाठी न करता गरोदर स्त्री व लहान मुले यांना तिच्यात निजवावे.

तिसरा पाश मनुष्य स्वतःच्या हाताने गळ्यात घालतो. तो खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेली ही पुडी आता मुलांच्या खिशातही सापडते. तोंड उघडेनासे होणे, न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा ही कर्करोगाच्या वाटेवरील चिन्हे होत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ मध्ये दारू व तंबाखूच्या विरोधात ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झाले. नवस बोलताना नारळ, बेल वाहिले जातातच. त्यांच्यासोबत खर्ऱ्याची पुडी येथेच टाकून जाण्याचा संकल्प करावा. हलाहल कंठात धरण्याचे सामर्थ्य नीलकंठाचे आहे. मनुष्याचा कंठ त्यासाठी घडलेला नाही.

विवाह जुळविताना पत्रिका पाहिली जाते. चंद्रपूर-गडचिरोली भागातील कुटुंबांनी त्याबरोबर सिकलसेलची रक्ततपासणीही आवर्जून करावी. आई व वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक असणे हा कलंक नव्हे. रक्ताची ही पत्रिका आधी पाहणे म्हणजे पुढच्या पिढीला दिलेला आशीर्वाद होय.

यात्रेतही नियम पाळावेत. महाशिवरात्रीला व चैत्रात चंद्रपूरच्या महाकाली यात्रेस येणाऱ्यांनी नदीत स्नान करावे, परंतु पिण्यासाठी शुद्ध केलेले वा उकळून गार केलेले पाणीच घ्यावे. चैत्रातील उन्हात डोक्यावर ओला रुमाल असावा. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. मधुमेही, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनी निरंकार उपवास करू नये. देव भावाचा भुकेला आहे.

गाभाऱ्यातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या मनात आपल्या घरातील सर्वांत लहान जीव असतो. त्याच्यासाठी केलेली प्रार्थना घरी गेल्यावर आईच्या दुधात, मच्छरदाणीत, वेळेवर केलेल्या तपासणीत उतरली, म्हणजे दर्शन पूर्ण झाले. फळ पिकून देठापासून सुटावे, कोवळे तुटू नये, हे मागणे मृत्युंजयापाशी करावे आणि मिठी सोडू नये. श्री मार्कंडेश्वर सर्व भाविकांच्या लेकराबाळांना उदंड आयुरारोग्य देवो.

॥ शुभं भवतु ॥