‘सोडणे’ आणि ‘क्षमा’: एका ग्रीक क्रियापदाची मराठी वाटणी

नव्या करारातील ‘आफिएमी’ या ग्रीक क्रियापदाचा मूलार्थ ‘आपल्यापासून जाऊ देणे’ असा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात कोळी जाळी सोडतात (४:२०), धनी दासाचे कर्ज सोडतो (१८:२७), अटकेच्या रात्री शिष्य येशूला सोडून पळतात (२६:५६) आणि क्रुसावर येशू प्राण सोडतो (२७:५०). चारही ठिकाणी ग्रीक क्रियापद हेच आहे. मराठीचे ‘सोडणे’ या चारही प्रसंगांना विनासायास पुरते. ही अनुकूलता फार थोड्या भाषांच्या वाट्याला आली असेल. तरीही ‘पाप’ हे कर्मपद येताच मराठी भाषांतरे ‘क्षमा’कडे वळतात. कर्ज सोडले जाते, पापाची क्षमा होते.

ही वाटणी केवळ शैलीची नाही. ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सहन करणे. म्हणूनच क्षमा हे पृथ्वीचेही नाव आहे. क्षमा करणारा सोसतो, आणि सोसण्याच्या बळावर समोरच्यापेक्षा उंच होतो. वही मात्र तशीच राहू शकते. ‘सोडणे’ या क्रियेत मनाची थोरवी गृहीत नाही. हातातला रोखा हातातून गेला पाहिजे, एवढेच तिचे मागणे. ज्याने क्षमा केली पण वसुली थांबवली नाही, त्याचे वर्णन मराठीत शक्य आहे. ‘आफिएमी’ ते शक्य ठेवत नाही. पंडिता रमाबाईंचे हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. तत्त्वज्ञानाचा भार वाहणारे संस्कृत शब्द शक्यतो टाळावेत, हे त्यांचे धोरण या क्रियापदापुरते तरी केवळ सुबोधतेचे राहत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेत (मत्तय ६:१२) ‘ऋण’ आणि ‘सोडणे’ हे शब्द मराठीने राखले, हे तिचे श्रेय. तेथे ‘आम्ही सोडले आहे’ असा पूर्ण झालेल्या क्रियेचा प्रयोग आहे. मनुष्याने सोडणे आधी, मागणे नंतर. परंतु मराठी वाचक ‘ऋण’ म्हणताच निराळ्या परंपरेत उभा असतो. तैत्तिरीय संहितेतील ऋषिऋण, देवऋण, पितृऋण ही फेडायची असतात. ती सोडणारा धनको तेथे नाही. फेडणे हे ऋणकोचे कर्तृत्व, सोडणे हे धनकोचे. प्रार्थना या दुसऱ्या क्रियेवर उभी आहे, आणि ‘ऋण’ हा शब्द वाचकाला पहिलीकडे ओढतो.

कर्ता कोण, हाच येथला नैतिक प्रश्न आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. रोखे नाहीसे झाले. पण त्या घटनेला ‘ऋण सोडले’ असे कोणी म्हणणार नाही, कारण सोडण्याचा कर्ता रोखा बाळगणारा असतो. उलट, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ‘क्षमा कर’ असा उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. अन्यायाचा रोखा त्या पीडिताच्याच हाती असतो, हे उपदेशक विसरतो. तो दुसऱ्याच्या हातातील कागद फाडू पाहतो. आणि शिष्यांच्या पलायनालाही हेच क्रियापद लागते, हे विसरून चालत नाही: सोडून देण्यात टाकून देणेही दडलेले असू शकते.

मग मनाचे काय? ‘क्षमा’ सर्वस्वी परकी ठरवता येत नाही. निर्दय दासाच्या दृष्टान्ताची सुरुवात हिशेबाने होते. दहा हजार तालांताचे देणे सुटलेला दास बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. शेवटच्या वाक्यात (१८:३५) मात्र ‘अंतःकरणापासून’ हा शब्द येतो. दरम्यान धन्याने सोडलेले सगळे देणे पुन्हा उभे राहिलेले असते, आणि ते फिटेपर्यंत दास छळ करणाऱ्यांच्या हाती असतो.