बाद झालेल्याने जायचे कुठे?

प्राथमिक शाळेतल्या मुलांना मी क्रिकेट शिकवतो असे सांगितले, की ऐकणाऱ्याला हसू येते. त्यात शिकवायचे ते काय, असा त्या हसण्याचा अर्थ. आणि तो अगदीच चुकीचा आहे असेही नाही. आपल्याकडे मूल पाय टाकू लागले की न्हाणीघरातले धोपाटणे उचलते, आणि आजोबा जुन्या मोज्याच्या बोळ्याचा चेंडू करून त्याच्याकडे टाकतात. आज दिवाळीच्या सुटीत हा अंक तुमच्या हाती असताना खालच्या अंगणातून जो गलका कानी येत असेल, त्यातल्या बहुतेकांना कोणी शिकवणी लावलेली नसते.

डावा खांदा गोलंदाजाकडे ठेवावा, फळी सरळ खाली यावी, नजर चेंडूवरून ढळू नये, एवढे तीन धडे दिले की माझी विद्या संपते. (चेंडू जवळ आला की डोळे मिटून घेणे, हा चौथा धडा मुले आपापली शिकतात व आपापली विसरतात.) मला गेली कित्येक वर्षे छळणारा प्रश्न निराळाच आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नीतिशास्त्राचे जाड ग्रंथ मी वाचलेले नाहीत. तेव्हा तो साध्या शब्दांतच मांडतो. जे मूल बाद झाले, त्याने जायचे कुठे?

हिशेब करून पाहा. तास पस्तीस मिनिटांचा. रांग, पाण्याच्या बाटल्या, कोणाच्या तरी बुटाची नाडी, यांत सात मिनिटे जातात. उरलेली अठ्ठावीस मिनिटे, चाळीस मुले आणि एक फळी. प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिटाहूनही कमी वेळ येतो, आणि तोही सारखा येत नाही. मोठ्यांचा नियम लावला तर ज्याला खेळता येते तो दहा मिनिटे खेळतो, आणि ज्याला येत नाही त्याचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडून तो कडुनिंबाखाली जाऊन बसतो. म्हणजे ज्याला येतेच आहे त्याला सराव, आणि ज्याला शिकायचे आहे त्याला सावली! सातचा पाढा चुकलेल्या मुलाला आपण गणिताच्या तासाला असे म्हणत नाही की, तू बाद झालास, आता बाहेर बस, उरलेली गणिते येणारी मुले करतील. तसे म्हणणारे मास्तर माझ्या लहानपणी होते. पण त्यांच्याकडून गणित शिकलो असे सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

मग बाद करूच नये काय? इथे पाऊल अडते. फुटबॉलमध्ये चुकलेला खेळाडू पुढच्या क्षणी पुन्हा चेंडूमागे धावत असतो. फलंदाजाला ती सवलत नाही. एक चूक आणि त्याचा डाव संपला. क्रिकेटमधली सारी धाकधूक या एका निर्दयपणावर उभी आहे. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलच्या मैदानावर डॉन ब्रॅडमन आपल्या अखेरच्या कसोटी सामन्यात खेळायला उतरला. सरासरी शंभर होण्यास त्याला चारच धावा हव्या होत्या. एरिक हॉलीजच्या दुसऱ्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला, आणि सरासरी ९९.९४ वर थांबली ती कायमची. पंचांनी त्याला 'असू द्या, आणखी एक चेंडू खेळा' म्हटले असते, तर त्या शंभराला काय किंमत राहिली असती? मी कादंबऱ्या लिहितो. मेलेले पात्र वाचकांच्या आग्रहाखातर परत उठवले की आधीची सगळी प्रकरणे खोटी पडतात, हे मला पुरते ठाऊक आहे. पण ब्रॅडमनच्या त्या शून्यामागे एकावन्न कसोटी सामने उभे होते. नऊ वर्षांच्या मुलाच्या शून्यामागे काहीच नसते. त्याच्या लेखी ते शून्य म्हणजे तो स्वतःच.

मुलांनी आपल्यापुरता यावर फार पूर्वीच तोडगा काढून ठेवला आहे. त्याचे नाव लिंबूटिंबू. कोणी कच्चा लिंबू म्हणतात. धाकट्या भावंडाला खेळायला घ्यावेच लागते, नाहीतर आई थोरल्यालाही सोडत नाही. मग त्याला लिंबूटिंबू करायचे. तो कधी बाद होत नाही. लपाछपीत सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. केवढी ही दया! एखाद्या कायदेपंडिताला ती सुचली नसती. पण या दयेची दुसरी बाजू लिंबूटिंबूलाच ठाऊक असते. त्याच्या धावाही कोणी मोजत नाही.

चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. अंगाने बारीक, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. मुलांनी परस्पर ठरवून टाकले होते, की ही लिंबूटिंबू. एकदा तिचा त्रिफळा उडाला. कोणी ओरडले नाही. गोलंदाजाने मुकाट्याने यष्ट्या उभ्या केल्या आणि तो पुन्हा चेंडू टाकायला मागे गेला. ती जागची हलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मला आउट द्या."

"अगं, खेळ ना," मुले म्हणाली, "तुला आउट नसतं."

"सर, आउट द्या."

मी बोट वर केले. फळी काखेत मारून ती कडुनिंबाकडे चालू लागली. अर्ध्या वाटेवर थांबून तिने विचारले, "आणि मघाच्या दोन रन? त्या लिहिल्यात ना?"

दोन धावांसाठी ती बाद व्हायला तयार होती. तेव्हापासून 'लहान आहे, असू दे' हे वाक्य मी मैदानावर फार जपून वापरतो. ज्याची चूक वहीत चढत नाही, त्याची कमाईही चढत नाही. वही एकच असते. मात्र एवढ्याने माझा प्रश्न सुटला नाही. मान मिळाला खरा, पण ती बसली कडुनिंबाखालीच.

या बाबतीत आपल्या हुतूतूने क्रिकेटपेक्षा बारीक विचार केला आहे असे मला वाटते. कबड्डीचे तीन प्रकार जुन्या जाणत्यांना आठवत असतील. गामिनीत मेलेला गडी सगळा संघ मरेपर्यंत बाहेरच राहतो. संजीवनीत, म्हणजे आज दूरचित्रवाणीवर दिसते त्या कबड्डीत, आपल्या संघाने समोरचा गडी मारला की आपला एक मेलेला गडी उठून आत येतो. आणि अमर प्रकारात गडी मरतो, समोरच्यांना गुण मिळतो, पण तो मैदान सोडत नाही. एकाच मातीत एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे! माणूस चुकला तर त्याला शेवटपर्यंत बाहेर ठेवावे, की सोबत्यांच्या पराक्रमाने परत आणावे, की चुकीची किंमत घेऊन त्याला आतच राहू द्यावे?

क्रिकेट जन्माने गामिनी. पण ज्या इंग्लंडात ते जन्मले तिथेच शाळकरी मुलांसाठी जोड्यांचे क्रिकेट निघाले, ते अमर आहे. दोघांची जोडी ठरलेली षटके खेळते. कोणी बाद झाला की संघाच्या धावांतून काही धावा वजा होतात आणि जोडी पुढे खेळत राहते. आरंभीच संघाच्या खात्यात धावांचे भांडवल जमा धरतात, नाहीतर आमच्या तिसरीचा संघ कायम शून्याच्या खालीच नांदला असता. मी आता हेच खेळवतो. चाळीस मुलांचे चार गट, चार फळ्या (त्यांतल्या दोन गावच्या सुताराने फळकुटातून काढून दिलेल्या), टेनिसचे चेंडू, प्रत्येक जोडीला दोन षटके. 'आउट' अशी आरोळी पूर्वीइतक्याच जोराने उठते, वहीत वजा पाच लिहिले जातात, आणि पुढचा चेंडू तेच मूल खेळते.

एका पालकांनी मला फाटकाशी गाठून विचारले, "सर, जगात असं चालतं का? आउट म्हणजे आउट. आत्तापासून सवय नको?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगात बहुधा असे चालत नाहीच. पण हेच गृहस्थ सचिन तेंडुलकरची गोष्ट मुलाला कौतुकाने सांगतात. रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत; सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर नाणे त्याचे, नाहीतर बाद करणाऱ्याचे. हा किस्सा घरोघर पाठ आहे. तेच सर त्याला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला नेत, हे सांगण्याचे मात्र आपण विसरतो. एका ठिकाणी बाद झाला तरी दुसरीकडे नवा डाव मांडलेला असे. १९८९ साली पहिल्या एकदिवसीय सामन्यात तो शून्यावर बाद झाला, १९९० साली दुसऱ्यातही शून्यावरच. तरी तिसरा सामना त्याला मिळालाच. नाणे होते, आणि स्कूटरही होती.

त्या पालकांचे दुसरे वाक्य मला अधिक बोचले. "काही मुलं फील्डिंगलाच बरी असतात," ते म्हणाले. मला पालवणकर बाळू आठवला. १८७६ साली चांभार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात साहेबांच्या क्लबावर मैदानाची निगा राखी, आणि ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला सरावासाठी तासन्तास चेंडू टाकी. फळी त्याच्या हाती देण्याची तिथे रीत नव्हती. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले, कारण त्याच्यावाचून सामने जिंकता येईनात. पण चहा त्याला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला तो १९२३ साली. बाळूला मैदानाबाहेर कोणी ठेवले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. तो आतच होता, चेंडूही त्याच्याच हाती होता. आज शाळेच्या मैदानावर तसला नियम कोणी लिहून लावत नाही. तरीही महिनाभर वही ठेवून पाहावे, फळी कोणाच्या हाती किती वेळा आली आणि कुंपणापलीकडच्या काट्यांतून चेंडू आणायला दर वेळी कोण धावले. नावे तीच ती निघतात.

सुटी संपली की आंतरशालेय सामन्यासाठी संघाची यादी लावायची आहे. तिथे जोड्या नाहीत. मोठ्यांचे नियम, आणि बाद झाला की तंबूत. चाळिसांतले एकोणतीस त्या दिवशी टाळ्या वाजवायला येतील, आणि त्यांच्यातल्या काहींनी गेल्या आठवड्यातच मला विचारून ठेवले आहे, की आमच्या वहीतल्या धावा यादीसाठी धरणार ना. नऊ नावे मी लिहून ठेवली आहेत. उरलेल्या दोन जागांसाठी ती वही घेऊन मी रोज रात्री बसतो, आणि वजा पाचच्या नोंदी पुन्हा पुन्हा मोजतो.