वजन कोणी ठरवायचं?

रेडिएशनचा प्लॅन संगणक बनवतो हे ऐकलं की नातेवाईक निर्धास्त होतात. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मला उलट तिथेच काळजी वाटते.

मणक्यातला कॉर्डोमा हा दुर्मीळ ट्यूमर, वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होणारा. हळू वाढतो, पण काढला तरी पुष्कळदा तिथेच परत येतो. त्याला आवरायला ७० ग्रेच्या वर डोस लागतो आणि त्याला खेटून असलेला मज्जारज्जू नेहमीच्या पद्धतीने ४५-५० ग्रेच निर्धोक सोसतो. प्रोटॉन ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा टाकून थांबतात, म्हणून ते इथे कामाचे. रॉबर्ट विल्सन यांनी हे १९४६ मध्येच सुचवलं होतं. आपल्याकडे चेन्नईत २०१९ मध्ये आणि टाटा मेमोरियलच्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ मध्ये हे उपचार सुरू झाले. डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलली की खारघर. (दुखरी पाठ घेऊन सहा-सात आठवडे तो प्रवास करणं हा वेगळा विषय.)

ट्यूमर परततो तेव्हा मज्जारज्जूने एक डोस आधीच सोसलेला असतो. काळाबरोबर तो काही अंशी सावरतो, हे माकडांवरच्या प्रयोगांत दिसलंय. समोरच्या माणसाचा किती सावरला, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सॉफ्टवेअरला मात्र आकडा लागतो. ट्यूमरला पूर्ण डोस मिळणं किती महत्त्वाचं, मज्जारज्जू वाचणं किती, याची वजनं त्याला द्यावी लागतात. मग ते सर्वोत्तम प्लॅन काढतं, म्हणजे त्या वजनांपुरता सर्वोत्तम.

माझे मामा कल्याणला चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. दुसऱ्या खेपेला धोका समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "पाय गेले तर मला खाली कोण नेणार?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "असलं अभद्र बोलू नका." सही झाली.

ग्रे किती द्यायचे हे पेशंटने ठरवू नये, हे मला मान्य आहे. ते डॉक्टरांचं आणि फिजिसिस्टचं काम. पण ट्यूमर वाढणं आणि पाय जाणं यांतलं कुठलं नुकसान जास्त मोठं, याचं उत्तर भौतिकशास्त्रात नाही. लहान मुलं असलेली तिशीतली बाई आणि सत्तरीतले मामा याची वेगळी उत्तरं देतील, आणि दोघांचीही बरोबर असतील. मामांचा प्रश्न अभद्र नव्हता. वजन ठरवायला लागणारी माहितीच ते देत होते, तीही प्लॅन बनायच्या आधी.